खळ्यावर सोलर, पण खड्डे नकोत

आज सकाळी नऊ वाजता मी पळसदरीला आमच्या खळ्याच्या कडेला सोलरच्या खांबांसाठी खुणा करत होतो. घराची कौलं जुनी आहेत, म्हणून पॅनल जमिनीवर बसवायचे.

आई धावत आली. "भात झोडायची जागा हाय ती! खळ्यात खड्डे खणतोस काय रं?"

पॅनल बसवायला आलेला सोलरवाला म्हणाला, "मग सिमेंटचे जड ठोकळे ठेवू. खणायला नको, वजनावरच सांगाडा उभा राहील."

आई खूश झाली. मला मात्र ते पटेना. पावसाळ्यात घाटाकडून वारा सुटतो आणि समोरच काकांचा गोठा आहे.

मी त्याला म्हणालो, "वाऱ्याने सांगाडा उचलला तर? वजनाचा हिशेब लिहून द्या."

तो हसला. "एवढी चौकशी तुमी लग्नात पण नाय करणार!"

आई म्हणाली, "लिहूनच घे रं. गोठ्यात गाभण गाय हाय."

हिशेब मिळेपर्यंत मी काम थांबवलंय. तुमच्यापैकी कुणी असे ठोकळे वापरलेत का? ते वादळात जागचे हलले का?