घासून दिलेला स्पंज

बुडीमास्तर पाण्यात जितका चपळ, जमिनीवर तितकाच अघळपघळ. बुड्या मारून बंदरातल्या बोटींचे तळ खरवडण्यात त्याची तीस वर्षं गेली. मग समुद्री जीवांपासून औषधं शोधणाऱ्या प्रयोगशाळेनं त्याला समुद्राच्या तळाचे स्पंज आणायला ठेवलं. "जन्मभर घाण काढली, आता तीच पोचवायचा पगार!" म्हणून बायको हसायची. तेव्हा ती ठणठणीत होती.

गेल्या साली त्यानं एका खडकावरून करड्या स्पंजाचा तुकडा आणला आणि त्याच्या अर्कानं प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी मेल्या. नेमका त्याच महिन्यात बायकोच्या पोटात तोच आजार निघाला. "औषध व्हायला दहा-बारा वर्षं लागतील, काका," प्रयोगशाळेतल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं. त्यानं ते या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडून दिलं. घरी मात्र "लवकरच" म्हणाला. माणूस खोटारडा नव्हता, घाबरलेला होता.

पुढच्या चाचणीला पाच किलो स्पंज हवा होता. तसला स्पंज दुसरीकडे कुठंच सापडेना, म्हणून त्यानं तो अख्खा खडक ओरबाडला. माल घरी टबात ठेवून बर्फ आणायला गेला. परत येऊन बघतो तर बायको न्हाणीघरात स्टुलावर बसून एकेक तुकडा नळाखाली ब्रशनं घासत होती. अंगात त्राण नव्हतं, पण वरच्या बुळबुळीत थराचा मागमूस तिनं ठेवला नव्हता.

"माझंच औषध ना? मग मला काहीतरी करू द्या की, अहो."

त्याला भरून आलं. धुऊ नका, असं प्रयोगशाळेनं कधी सांगितलं नव्हतं. कुणी धुवेल हे त्यांच्या मनातही आलं नसणार.

तीन आठवड्यांनी बाईंनी त्याला बोलावलं. नव्या अर्कात काहीच उतरलं नव्हतं.

"औषध स्पंज करत नाही काका, वरच्या थरातले जंतू करतात. हे घासलं कुणी?"

"मीच."

"खडकावर थोडा तरी उरलाय ना?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. बाईंनी समोरची वही मिटली. त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

घरी बायको उशीला टेकून वाट बघत होती. "काय म्हणाल्या बाई?"

"म्हणाल्या, इतका स्वच्छ माल आजवर कुणी आणला नाही."

कित्येक दिवसांनी तिचा चेहरा फुलला. "मग पुढच्या खेपेलाही मीच घासून देईन."

"बरं," तो म्हणाला.