जास्वंदीचा दुसरा हात

‘जेवलात का?’ असे पाहुण्याला विचारण्याआधी ‘तुमच्याकडची झाडं जेवली का?’ असे विचारणारे गृहस्थ अख्ख्या नागपुरात एकच आहेत, आणि ते नेमके माझे मामेसासरे आहेत. गांधीबागेकडच्या एका शाळेत प्रयोगशाळेचे शिपाई म्हणून त्यांनी पस्तीस वर्षे काढली. विज्ञानाचे मास्तर आले आणि बदलून गेले, पण पानातला स्टार्च दाखवायचा प्रयोग मामाजींचाच राहिला. पान आधी पाण्यात उकळायचे, मग गरम पाण्यात ठेवलेल्या स्पिरिटमध्ये त्याचा हिरवा रंग उतरवायचा, धुवायचे आणि वर आयोडीनचे थेंब सोडायचे. पान निळेकाळे झाले की त्यात स्टार्च आहे, म्हणजेच झाड जेवलेले आहे. निवृत्तीच्या दिवशी शाळेने त्यांना शाल दिली. आयोडीनची बाटली त्यांनी स्वतःच्या पैशाने विकत घेतली आणि तेव्हापासून ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असते. त्यांचा एकही सदरा असा नाही, ज्याच्या खिशावर तपकिरी डाग नाही.

या बाटलीने आमच्या नातेसंबंधांची फार हानी केली आहे. मामींनी कांजी केलेली नवी सुती साडी नेसून ‘कशी दिसते?’ म्हणून विचारले, तर यांनी पदरावर एक थेंब टाकून ‘कांजी बरोबर बसली’ असे उत्तर दिले. निळा डाग पाहून मामी चार दिवस बोलल्या नाहीत. कामठीला माझ्या भावाच्या लग्नात त्यांनी पंगतीत पनीरवर आयोडीन सोडले आणि पनीर शाईसारखे झाले. वाढपी ओरडला, “ये क्या डाल दिया, काका?” मामाजी शांतपणे म्हणाले, “मी काई नाही टाकलं गा. पनीरात पीठ तूच टाकलं.” नवरीकडचे लोक आजही मामाजींचे नाव निघाले की विषय बदलतात.

पानाची गोष्ट ते घरातल्या कर्त्या बाईबद्दल बोलावे तशी सांगतात. “दिवसभर उन्हात उभी राहून रांधते बिचारी. साखर करते, लगेच लागली नाही तं तिचा स्टार्च करून पानातच ठेवते. अन् रात्री तोच मोडून सगळ्या झाडाले वाढते. म्हणून सकाळी पान रिकामं असते.” त्यामुळे सकाळी कोणी पान तोडले की ते कळवळतात.

गेल्या उन्हाळ्यात कोणी बडे पाहुणे आमच्या रस्त्याने जाणार असे ठरले. सिमेंट रस्त्याच्या खोदकामाने दुभाजकातली जास्वंद धुळीने मातकट झाली होती. तिला पाणी घालण्याऐवजी ठेकेदाराची माणसे पंप घेऊन आली आणि पानांवर हिरवा डिस्टेंपर फवारू लागली.

“काय करून राहिले गा?” मामाजींनी विचारले.

“हिरवळ करून राहिलो, काका.”

मामाजींनी आठ दिवस वाट पाहिली. मग दुपार कलताना अर्धेच रंगलेले एक पान आणले, रंग हलकेच खरवडला आणि मामींच्या स्वयंपाकघरात प्रयोग लावला. मोकळा अर्धा भाग निळाकाळा झाला, रंगाखालचा अर्धा फिकट तपकिरी राहिला. पान बशीत ठेवून, वर झाकण घालून ते महापालिकेच्या झोन कार्यालयात निघाले. बशी हिंदकळू नये म्हणून मला ऑटोत बरोबर घेतले.

साहेबांनी बशीत वाकून पाहिले. “निळं काहून झालं? आम्ही तं ठेकेदाराले हिरवाच सांगितला होता!”

“साहेब, रंगाखाली ऊन पोचत नाही. अर्धं पान उपाशी आहे.”

“म्हणजे रंग बरोबर लागला नाही, असंच ना?” साहेब म्हणाले आणि अर्जावर ‘रंगाच्या दर्जाबाबत’ असे लिहून घेतले. कार्यालयाने इतक्या तत्परतेने निकाली काढलेली तक्रार मी दुसरी पाहिली नाही. तिसऱ्याच दिवशी पंपवाले आले आणि त्यांनी जास्वंदीवर रंगाचा दुसरा हात मारला, यावेळी पानाच्या दोन्ही बाजूंनी.

पाहुणे आले. काळ्या काचांच्या गाड्या अर्ध्या मिनिटात निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघालो तर मामाजी दुभाजकात बादली घेऊन बसलेले. ओल्या फडक्याने एकेक पान पुसत होते. येणारे-जाणारे स्कूटर हळू करून हसत होते. काही पाने पिवळी पडून गळली होती. “घरी चला मामाजी, ऊन वाढून राहिलं,” मी म्हणालो.

ते उठले नाहीत. “शाळेत प्रयोगाच्या आधी रोप दोन दिवस अंधाऱ्या कपाटात कोंडावं लागे, जावईबापू. त्यातला स्टार्च संपावा म्हणून. प्रयोग झाला की पोरं जायची, मास्तर जायचे. रोप उन्हात मीच ठेवायचो.” त्यांनी फडके पिळले. “एका वर्षी प्रयोग रद्द झाला, दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या. मी विसरलो. परत आलो अन् कपाट उघडलं...”

त्यांनी पुढचे पान पुसायला घेतले. बादलीतले पाणी पार हिरवे झाले होते. मी रुमाल काढून भिजवला आणि शेजारच्या झाडाशी बसलो. थोडा वेळ माझ्या हाताकडे पाहून ते हळूच म्हणाले, “खालून बी पुसा. श्वास तिकडूनच घेते ते.”