जिभेला चिकटणारं बटण

आमचे हे भट्टीवर आहेत. असं सांगितलं की लोकांना विटांची भट्टी वाटते. विटांची नाही हो, संशोधन संस्थेतली, जेमतेम फ्रिजएवढी. तिच्यात शर्टाच्या बटणाएवढ्या पांढऱ्या चकत्या भाजायच्या. भुकटीत स्टार्चचे बारीक दाणे मिसळायचे, दाबून चकती करायची आणि भट्टी अगदी सावकाश तापवायची. दाणे जळून जातात, मागे भोकं राहतात. मोडलेल्या हाडात ती चकती बसवली की भोकांतून नवं हाड वाढतं म्हणे. काळ्या चकत्या बॅटरीसाठी, त्यांतही भोकंच. अख्खं जग भोकं बुजवत बसलंय आणि आमचे हे एकतीस वर्षं भोकं पाडतायत.

भट्टी जरा जास्त तापली की भोकं मिटतात. नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही. म्हणून यांची युक्ती अशी, की एका वेळी भाजलेल्या घाण्यातली एक चकती बाजूला काढायची आणि जिभेला लावायची. भोकं असली तर ती ओल पिते आणि चिकटून बसते. मिटली असली तर पडते. नियमात हे बसत नाही, पण यांच्या मोठ्या मॅडम तिकडे बघत नाहीत. तपासायचं मशीन दुसऱ्या गावी आहे, निकालाला चार दिवस लागतात. त्यामुळे यांनी हो म्हटलं तरच घाणा मशीनकडे जायचा, नाही म्हटलं की सरळ कचऱ्यात. आजवर यांचं एकदाही चुकलं नव्हतं.

लग्नानंतर पहिल्या महिन्यात यांनी मला काय आणलं असेल? बटण! म्हणाले, "जिभेला लाव." लावलं, तर सुटेना. तेवढ्यात सासूबाई आल्या. नवी सून जीभ बाहेर काढून उभी. कपाळ माझं!

तर दोन-तीन महिन्यांपूर्वी हे घरी आले ते तोंड पाडूनच. घाणा फेकला म्हणाले. पुढच्या आठवड्यात दुसरा. मग तिसरा. तापमान तेच, भुकटी तीच आणि चकती चिकटत नाही. रात्री झोप नाही, बोलणं नाही. जेवताना घासाघासाला पाणी. वर मलाच ऐकवायचे, "हल्ली सगळं कोरडं करतेस."

"मग स्वतः करा," मी म्हटलं. मलाही दिवसभर शिवणयंत्रावर बसून पाठीचं लाकूड झालेलं असतं. यांचं दुःख मी कुठवर उचलू?

चौथा घाणा एका इस्पितळाच्या चाचणीसाठी होता. शनिवारी दुपारी हे आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हाही गेला. सोमवारी फेकतो आणि राजीनामा देतो. हात गेला माझा."

हा माणूस भट्टीशिवाय घरात बसला तर वर्षभरात खंगून जाईल, हे मला पक्कं माहीत होतं. यांची पँट धुवायला घेतली, तर खिशात ती चकती. रागच आला. हिच्यापायी घराची ही कळा! काय मनात आलं कोण जाणे, मी ती जिभेला लावली.

अशी घट्ट चिकटली की ओढताना डोळ्यांत पाणी आलं.

मी तशीच न्हाणीच्या दारात उभी राहिले. महिन्याभराचं घासाघासाला पाणी आठवलं. यांची ब्लड प्रेशरची नवी गोळीही महिन्याभरापूर्वीचीच. डॉक्टर म्हणाले होते, तोंड जरा कोरडं पडेल. मी ऐकलं होतं आणि विसरले होते.

बाहेर येऊन म्हटलं, "अहो, चकती चांगली आहे. तुमची जीभ कोरडी पडलीय."

यांनी चकती घेतली, जिभेला लावली. तळहातावर पडली. मग माझ्याकडे दिली. मला चिकटली.

"म्हणजे चांगले तीन घाणे फेकले मी," हे म्हणाले. "मॅडमना सांगायला हवं."

"गप्प बसा हो! रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत. कोण विचारतंय?"

पण ऐकतील तर हे कसले! सोमवारी सांगून आले. चौथा घाणा वाचला. मॅडम रागावल्या नाहीत, उलट चहा पाजला. डॉक्टरांनी गोळी बदलली नाही, हीच लागू पडतेय म्हणाले. आणि संस्थेत नवा नियम झाला: यापुढे प्रत्येक घाणा मशीनकडे जाणार. भट्टी यांच्याकडेच राहिली. घाणा जमला का, हे मात्र आता यांना कोणी विचारत नाही. चार दिवसांनी कागद येतो.

तरी दर शनिवारी हे काडेपेटीतून एक चकती घरी आणतात. मी यंत्र थांबवते, जीभ काढते.

"चिकटली?"

बोलता येत नाही, म्हणून मी मान हलवते. मग हे ती माझ्याकडून घेतात, स्वतःच्या जिभेला लावतात आणि तळहात खाली धरून थांबतात.