दोघींतली कुठली

मी सोलापुरात एका शाळेच्या ऑफिसात लिपिक आहे. एकाच वर्गात एकाच नावाच्या चार मुली, त्यातल्या दोघींचं आडनावही एकच, असं दरवर्षी असतं. तरी आजवर माझ्या हातून एकीचा दाखला दुसरीला गेलेला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की ही बाई मुळातच वेंधळी. मी वेंधळी नाही. घरात वेंधळा माणूस माझा नवरा आहे. पण या प्रकरणात चूक माझी.

आमच्याकडे तीन मांजरं. एक पिवळा बोका, आणि दोन बहिणी. बहिणींची आई आमच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये व्यायली आणि मग कुठे गेलीच नाही. दोन्ही पिल्लं करड्या रंगाची, पट्टेवाली, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशी. मी दोघींना मनी म्हणते. नवरा दुधनीकडचा, तो दोघींना बेक्कू म्हणतो. बेक्कू म्हणजे कानडीत मांजर. मांजराला मांजरच म्हणायचं, यात त्याला काही कमी वाटत नाही. हाक मारली तर दोघी यायच्या, नाहीतर एकही यायची नाही. त्यामुळे वेगळ्या नावांची गरजच पडली नाही.

गेल्या उन्हाळ्याआधी त्यांची आई गेली. हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. डॉक्टरांनी शेवटी रक्त तपासलं आणि सांगितलं की हा मांजरांमधला ल्युकेमिया, विषाणूमुळे होतो. माणसाला त्याचं काही नाही. पण मांजराकडून मांजराला जातो, तो थुंकीतून. एकमेकींना चाटलं, एका ताटलीत खाल्लं, की झालं. आईकडून पिल्लांनाही जातो. "मॅडम, बाकीच्या तिघांचंही रक्त बघून घेऊ," ते म्हणाले.

हे डॉक्टर आमच्याच शाळेत शिकलेले. त्यांच्या दहावीच्या दाखल्यावर अक्षर माझं आहे. मी त्यांना अहोजाहो करते, पण मनात अजून 'तो' असतो.

रक्त द्यायच्या दिवशी शाळेत परीक्षेचे फॉर्म भरायचे होते, मला सुट्टी मिळेना. बोक्याचं मी आदल्या दिवशीच उरकून आणलं होतं. दोघी बहिणींना एका टोपलीत घालून नवऱ्याने स्कूटरवरून न्यायचं ठरलं. आता डॉक्टरांना त्या वेगळ्या कशा कळाव्यात? मी विचार केला आणि एकीच्या कपाळावर ओल्या हळदीचं चांगलं जाड बोट ओढलं. कुंकवात काय काय मिसळलेलं असतं देव जाणे, हळद बरी. नवऱ्याला तीनदा बजावलं, "एका बाटलीवर हळद लिहायला सांगा, दुसरीवर बिनहळद. आणि घरी आल्या आल्या हळदवालीच्या गळ्यात हा पट्टा घाला." पट्टा मी मुद्दाम नवी पेठेतून आणला होता. स्वतःच्या व्यवस्थेवर मी इतकी खूश होते की ऑफिसात दोघींना सांगूनही झालं.

संध्याकाळी घरी आले तर पट्टा टेबलावर.

"आगं, ओरबाडती ती," नवरा म्हणाला. "म्हटलं तू आल्यावर घालू. रक्त दिलंय, बाटल्यांवर तू सांगितलं तसं लिवलंय. झालं की काम."

मी दोघींना उजेडात धरलं. हळद कुठेच नव्हती. टोपलीत घाबरून बसल्या होत्या, जाताना आणि येताना. घाबरल्या की त्या एकमेकींना चाटतात, लहानपणापासूनच. एकीच्या कानामागे थोडं पिवळट होतं. दुसरीच्या हनुवटीला पिवळट होतं. मग पहिलीच्या पंजालाही दिसलं. मी म्हणाले, कानवालीच हळदवाली. नवरा म्हणाला, हनुवटीवाली, कारण टोपलीत ती डाव्या बाजूला होती. डाव्या बाजूला होती याचा काय संबंध, ते त्यालाही सांगता येईना. मी त्याच्यावर खूप ओरडले. ओरडताना मला कळत होतं की जो आजार चाटण्याने पसरतो त्याचीच खूण मी चाटून पुसल्या जाणाऱ्या हळदीने केली होती. पण ते मी बोलले नाही.

तीन दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. "मॅडम, तुमची हळदवाली पॉझिटिव्ह आहे." बाटलीवरचं ते नाव वाचून त्यांना हसू येत असावं. "दुसरी निगेटिव्ह, बोका निगेटिव्ह. हळदवालीला आजपासून वेगळं ठेवा. ताटली वेगळी, मातीचा ट्रे वेगळा. ती पुष्कळ दिवस नीट राहू शकते, घाबरू नका. दुसरीला मात्र लागण होता कामा नये. दोन महिन्यांनी परत तपासू. ठेवाल ना वेगळी?"

"हो, ठेवलीच आहे," मी म्हणाले.

का म्हणाले? ज्या मुलाचा दाखला मी स्वतः लिहून, तपासून दिला, त्याला मी कसं सांगू की माझ्याकडून दोन मांजरांची सरमिसळ झाली? नवरा म्हणाला, "सांगून टाक की. लई तर लई परत सुई टोचतील." मी म्हटलं, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी लाज दुप्पट झाली, कारण आता उशीरही सांगावा लागला असता. आठवडा गेल्यावर तर विषयच काढवेना.

वेगळी ठेवली, पण कुणाला? आधी माझ्या अंदाजाने कानवालीला मागच्या खोलीत ठेवलं. नवऱ्याने दाराला जाळीची चौकट बसवून दिली. पट्टाही तिलाच घातला. मी ताटल्या उकळत्या पाण्याने धुवायची, हात साबणाने धुवायची, खोलीत जाताना वेगळी चप्पल. सगळं चोख. फक्त आत बरोबर मांजर आहे की नाही, तेवढं माहीत नव्हतं.

दहा दिवसांनी बाहेरच्या बहिणीने खाणं अर्धं केलं. म्हणजे आजारी ती बाहेरचीच, आणि मी तिला बोक्याबरोबर मोकळं सोडलंय! मी त्यांची अदलाबदल केली. पट्टा काढून दुसरीला घातला. मग आठ दिवसांनी आधीची, आता बाहेर असलेली, दिवसभर फरशीवर पसरून पडू लागली. पुन्हा अदलाबदल. सोलापूरच्या उन्हाळ्यात निरोगी मांजर आणि आजारी मांजर सारखंच पडलेलं असतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. मी स्वतःही तशीच पडलेली असायची. तरी रोज सकाळी दोघींचे ओठ वर करून हिरड्या बघायची. दोन्ही गुलाबी वाटायच्या. मग दोन्ही पांढुरक्या वाटायच्या.

"तू आशी आत-बाहेर केल्यावर वेगळं ठेवून उपेग काय?" नवऱ्याने एकदा विचारलं. आत जी असेल ती जाळीला नाक लावून बसायची, बाहेरचीही तिथेच येऊन बसायची. दोघी ओरडायच्या. जन्मल्यापासून त्या एकमेकींवाचून झोपल्या नव्हत्या. मला त्यांचा राग यायचा, नवऱ्याचा यायचा, डॉक्टरांचाही यायचा. कुणीतरी मला सांगायला हवं होतं की ही आजारी आणि ही बरी. तेवढं कळलं असतं तर मी काहीही नीट केलं असतं.

दोन महिने झाले. या वेळी मी रजा घेतली आणि स्वतः गेले, तीन वेगळ्या टोपल्या, दोघी बहिणींच्या गळ्यात दोन रंगांचे पट्टे. डॉक्टरांनी विचारलं, "वेगळ्या राहिल्या ना?" मी मान हलवली. हो की नाही, हे त्या मानेवरून कुणाला कळलं नसतं.

फोन ऑफिसात असताना आला. "मॅडम, बोका निगेटिव्ह आहे. बहिणी मात्र दोघी पॉझिटिव्ह."

आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, झाला. माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की आता जाळी नको. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, घरी गेले आणि बोक्याला पुढच्या खोलीत घालून मागच्या खोलीचं दार उघडलं. दोघी एकमेकींच्या अंगावर पडल्या. नवरा हसत होता, मीही हसत होते. चहा केला. चहा पिता पिता हात थांबला. आपण काय साजरं करतोय?

दोन महिन्यांपूर्वी यातली एक बरी होती.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. हळद, पट्टा, अदलाबदल, सगळं. ते म्हणाले, "पहिल्या वेळी दुसरीच्या रक्तात विषाणू दिसला नसेल, असंही होतं. आईकडूनच दोघींना आला असेल. किंवा मधल्या काळात एकीकडून दुसरीला गेला असेल. सांगता येत नाही, मॅडम." ते डॉक्टर म्हणून बोलले की शाळेतल्या बाईंना बरं वाटावं म्हणून, हे मला ओळखता आलं नाही. पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही.

आता बोका पुढे राहतो, बहिणी मागे. दोघी खातात, खेळतात, अजून तरी ठीक आहेत. शाळेतून आल्यावर मी त्यांच्यात जाऊन बसते, दोघी मांडीवर येतात. त्यांतल्या एकीला जे झालं ते कदाचित मी लाजेपायी गप्प राहिले म्हणून झालं. मला तिची माफी मागायची आहे, आणि ती कुठली ते मला माहीत नाही.