ड्रोनचे नवे पाय आणि ओढ्याकडची कड

कॅमेऱ्याचा ड्रोन आम्ही लोकांच्या लग्नांच्या शूटिंगसाठी घेतला होता. मंचरच्या मंगल कार्यालयांत सपाट फरशीवर तो नीट उतरायचा. पिंपरी पेंढारच्या आमच्या रानात बिबट्या दिसू लागला, तेव्हापासून मी तो रोज सकाळी तिथे उडवू लागले. बायका कांदा खुरपायला बसण्याआधी रानाच्या कडा मी त्यातून बघून घ्यायच्या, एवढंच काम. उभ्या उसाच्या आत वरून काही दिसत नाही, हे मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. बांध, ओढा आणि उसाच्या कडेची मोकळी पट्टी तेवढी दिसते. खाली बसलेल्या माणसावर बिबट्या झेप घेतो, म्हणून बायका माझ्या शब्दाशिवाय बसायच्या नाहीत.

ढेकळांत उतरताना ड्रोनचे बोटभर पाय पुरत नसत. तो कलंडायचा, पंख तुटायचे. आधी मी वायरिंगच्या पाइपचे पाय केले. मजबूत होते, पण जड. बॅटरी लवकर उतरायची आणि शेवटची कड बघायची राहायची. मग वहीत लिहिलं: वजन कमी, पाय फाकलेले, दणका सोसणारे. बांबूच्या कामट्या तासल्या, दोऱ्याने आवळून बांधल्या, खाली ठिबकच्या जुन्या काळ्या नळीचे दोन तुकडे आडवे लावले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर नवे पाय जुन्यांच्या निम्मेही भरले नाहीत. नांगरटीत दहा वेळा उतरवला, एकदाही पडला नाही. यादीतल्या सगळ्या ओळींवर खुणा झाल्या.

खुरपणाऱ्या बायकांची पुढारी आमची थोरली जाऊ. ती म्हणाली, "कोंबडीगत तंगड्या दिल्यास की गं याला." बायका हसल्या. मी ड्रोन फिरवला, स्क्रीनवर बघितलं आणि बसा म्हटलं. नऊ जणी बसल्या. बिबट्याने मान धरू नये म्हणून गळ्यात खिळ्यांचे पट्टे होतेच. जाऊ नेहमीसारखी सगळ्यांत टोकाला, ओढ्याकडे तोंड करून.

मी बांधावर बसून मघाचं चित्रण मोबाईलवर पुन्हा बघत होते. पाय चांगले झाले म्हणून कौतुकानेच. चित्राच्या डाव्या कडेला एक काळी पट्टी होती. आधी वाटलं, सावली असेल. पण ड्रोन पुढे जात होता आणि पट्टी जागची हलत नव्हती. ती माझी ठिबकची नळी होती. पाय फाकवताना मी ती कॅमेऱ्यासमोर आणून ठेवली होती. ड्रोन पुढे जाताना डावीकडे ओढा होता, आणि परत मी दुसऱ्या कडेने आणला होता. म्हणजे ओढ्याकडची कड मी बघितलीच नव्हती.

ओरडावं तर बायका घाबरून पळतील, आणि पळणाऱ्याच्या मागे बिबट्या लागतो. मी जावेला फोन लावला. ती खुरपं ठेवून, हात झटकून, कमरेची पिशवी उघडेपर्यंत मी तिच्या पाठीकडे आणि पलीकडच्या गवताकडे बघत राहिले. गवत हलत होतं. वारा होता, तरी मला तो वारा वाटेना.

"जाऊबाई, उठा. सगळ्यांना उठवा. पळू नका, बोलत बोलत माझ्याकडं या."

ती उभी राहिली, उगाच मोठ्याने कांद्याच्या रोपांना नावं ठेवू लागली आणि बायकांना पुढे घालून स्वतः मागून आली. तेवढं रान तुडवायला त्यांना किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही.

मी ड्रोनचे नवे पाय कापून टाकले, दुसरी बॅटरी घातली आणि तो ओढ्यावर नेला. काठाला एका जागी गवत चेपलेलं होतं. बाकी काही नाही. कुत्रंही असेल.

"व्हता का न्हाई?" जावेने विचारलं.

"माहीत नाही."

"बरं."

मला वाटलं, आता ती चिडेल. ती नुसती पदराने तोंड पुसत राहिली, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

कामट्यांचे पाय मी पुन्हा बांधले, या वेळी अरुंद, नळी कॅमेऱ्याच्या मागे ठेवून. ते अधूनमधून कलंडतात. बसा हा शब्द मी सोडला आहे. उसाची कड बघितली, बांध बघितला, ओढा अजून राहिलाय, असं एकेक मोठ्याने सांगते. दुसऱ्या दिवशी ओढा राहिलाय म्हणाले, तेव्हा नऊ जणी खुरपी हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या, आणि ड्रोन ओढ्याकडे वळवायला माझा अंगठा रिमोटच्या दांडीवर पुढे सरकेना.