बाबांचं राहून गेलेलं भीमगीत

आज दुपारी शेणव्याला, गावच्या घरी, माझ्या आवडत्या विलायती न्यू वेव्ह पॉप गायकाचा नवा अल्बम लावला होता. कॅसेटच्या मागच्या बाजूला पडलेली किंवा कधी बाहेरच न आलेली त्याची गाणी त्यात एकत्र केलीत.

बाबा शेजारी बसून ऐकत होते. म्हणाले, "चांगली हायेत की. मग बाजूला का ठेवली?"

"तेव्हा कुणी घेतली नाहीत, बाबा."

ते म्हणाले, "माझं पण एक भीमगीत हाय. जयंतीला मंडळानं घेतलं नाय."

मग मांडीवर ठेका धरून त्यांनी ते पूर्ण गायलं. आई दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "मला कधी नाय ऐकवलंत."

बाबा लाजले आणि तिच्याकडे बघत पुन्हा पहिल्यापासून गायला लागले.

मित्रांनो, तुमच्या घरात असं गाणं कुणाकडे असेल? विचारलंय कधी?