फळी घेऊन आलेलं गिऱ्हाईक

नव्या टायरांच्या वासात मिसळलेला लोकरीचा उबदार वास मला अजून आठवतो. वाळूजच्या शोरूममध्ये माझ्या गाडीचं काम होईपर्यंत मी बसले होते. तेवढ्यात जवळच्या शिवारात मेंढरांचा तळ टाकलेला एक धनगर पिकअप गाडी घ्यायला आला, सोबत एक गाभण मेंढी आणि लाकडी फळी घेऊन. गेल्या साली उंच ट्रकात उडी घेताना तिचं कोकरू पोटातच गेलं होतं.

विक्रेत्यानं हौसेनं पडद्यावर देशोदेशीचे पिकअप दाखवले. अमेरिकेतल्याची ऐसपैस केबिन आणि मागचा आखूड हौदा पाहून धनगर हसला, "माणसांना महाल, मेंढरांना कोनाडा!" थायलंडचा त्याला "लई उंच" वाटला. ऑस्ट्रेलियातला सपाट, तिन्ही बाजूंनी उघडणारा हौदा मात्र तो काठीवर हनुवटी टेकून पाहत राहिला.

"तिथं मेंढरं लई असत्याल, व्हय ना साहेब?"

"व्हय काका. पण ती गाडी इथं मिळत नाय. तसा हौदा आपल्याकडच्या एका गाडीला आहे."

आवारात उभ्या त्या गाडीला त्यानं फळी लावली, दोर सोडला आणि श्वास रोखून मागं सरला. मेंढीनं पत्रा हुंगला, फळीवर पाय ठेवला आणि संथपणे चढून हौद्यात बसली. त्याच्या चेहऱ्यावर ऊन पसरलं.

"काका, झाला निर्णय तुमचा?" मी विचारलं.

रवंथ करणाऱ्या मेंढीकडे बोट दाखवत तो म्हणाला, "तिचा."